छंदाच्या रोबोसाठी मोटर ड्रायव्हर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइन फॉलोअर, मोबाइलवर चालणारी गाडी, कॉलेजच्या स्पर्धेतला रोबो, काहीही करायला घेतलं तरी गाडी अडते ती मोटर ड्रायव्हरपाशी. आमच्याकडे शनिवार-रविवारी रोबो घेऊन येणारी मुलं आणि त्यांचे आई-बाबा फिरून फिरून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. आकडे चिप बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकातले आहेत, मतं माझी आहेत.

ड्रायव्हर लागतोच कशाला? मोटर थेट आर्डुइनोला जोडली तर?

आर्डुइनो ऊनो म्हणजे रोबोचा मेंदू असलेला छोटा बोर्ड. त्याच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअर काढावेत, ४० ही शेवटची हद्द. साधी पिवळी बीओ मोटर (प्लॅस्टिकच्या गिअरची स्वस्त मोटर) रिकामी फिरतानाच दीडशेच्या आसपास मिलिअँपिअर ओढते. म्हणजे पिन जळणार, कधी कधी सगळी चिपच. शिवाय मोटर बंद होताना तिची कॉइल उलट्या दिशेने व्होल्टेजचा फटका देते, तोही पिनेलाच बसतो. ड्रायव्हर हा मधला माणूस आहे: आर्डुइनोकडून फक्त इशारा घेतो आणि बॅटरीतला करंट मोटरला देतो. आत चार स्विच इंग्रजी एच अक्षरासारखे मांडलेले असतात. समोरासमोरची एक तिरपी जोडी चालू केली की मोटर पुढे, दुसरी जोडी चालू केली की मागे.

ड्रायव्हर निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

मोटर. बहुतेक जण ड्रायव्हर आधी घेतात आणि मोटर नंतर, तिथेच गणित चुकतं.

मोटरचा एक आकडा हवा: स्टॉल करंट. म्हणजे पूर्ण व्होल्टेज दिलेलं असताना शाफ्ट अडकला, चाक फिरेचना, तर मोटर किती करंट ओढेल तो. फिरती मोटर स्वतःच थोडं उलटं व्होल्टेज तयार करते आणि बॅटरीला विरोध करते, म्हणून तिचा करंट कमी असतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा विरोध नसतो, उरतो तो फक्त कॉइलच्या तारेचा रोध. हा प्रसंग कधीतरीच येतो असं समजू नका. गाडी जागेवरून हलते त्या प्रत्येक क्षणी मोटर थांबलेलीच असते. पुढे जाताना एकदम मागे वळवली तर आणखी वाईट, कारण मोटरचं ते उलटं व्होल्टेज आता बॅटरीच्या विरोधात नसून तिच्या बाजूने उभं राहतं आणि क्षणभर करंट स्टॉलच्या जवळजवळ दुप्पट होतो.

हा आकडा दुकानात विचारून मिळत नाही. घरी काढायचा. मल्टिमीटर ओहमवर लावा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरचा रोध बघा, समजा ०.३ आला. मग मोटरच्या दोन टोकांना लावा, शाफ्ट हाताने जरा जरा फिरवत पाच-सहा वेळा वाचन घ्या. ब्रश कुठे टेकलेत त्यानुसार आकडा बदलतो, सगळ्यात लहान धरा. माझ्या टेबलावरच्या एका बीओ मोटरचं लहानात लहान वाचन ४.५ आलं, त्यातून वायरचे ०.३ वजा केले, उरले ४.२ ओहम. बॅटरी ६ व्होल्टची. ६ भागिले ४.२, म्हणजे जवळपास १.४ अँपिअर. झाला स्टॉल करंट.

ड्रायव्हरचा सतत झेपणारा करंट याहून जास्त असेल तर बिनधास्त घ्या. थोडा कमी असेल तर गाडी चालेल, पण चाक अडकलं तर लगेच मोटर बंद करायची शिस्त तुमची. दुप्पट-तिप्पट फरक असेल तर तो ड्रायव्हर परत दुकानात.

यानंतर व्होल्टेज बघायचं. बॅटरीवर छापलेलं नाही, पूर्ण चार्ज झाल्यावरचं. तीन सेलची लिथियम बॅटरी ११.१ म्हणून विकली जाते, चार्जरवरून उतरते तेव्हा १२.६ असते.

दुकानात मोटर ड्रायव्हर मागितला की लाल रंगाचा एल२९८एन हातात ठेवतात. घ्यावा का?

लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, अनुभव हाच येईल. स्वस्त आहे, दणकट आहे, स्क्रूने वायर घट्ट बसतात, इंटरनेटवरचा प्रत्येक दुसरा प्रोजेक्ट त्याच्यावर आहे. माझा आक्षेप एकच, पण मोठा आहे: तो व्होल्टेज खातो.

एल२९८ जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर चालतो. त्यात करंट वरच्या ट्रान्झिस्टरमधून आत येतो, खालच्यातून बाहेर पडतो आणि दोन्हीकडे थोडं थोडं व्होल्टेज देऊन जातो. माहितीपत्रकात एक अँपिअरला ही गळती १.८ ते ३.२ व्होल्ट दिली आहे आणि दोन अँपिअरला ४.९ पर्यंत. आता चार पेन्सिल सेलची ६ व्होल्टची गाडी घ्या. मोटरला जेमतेम चार पोचतात. मुलगा म्हणतो मोटर कमजोर आहे, बाबा नवीन मोटर आणतात, तीही कमजोरच निघते. मोटरचा काही दोष नसतो, दोन व्होल्ट त्या काळ्या हीटसिंकमध्ये गरम हवा होऊन जात असतात. एक अँपिअर गुणिले दोन व्होल्ट, म्हणजे एका बाजूला दोन वॅट. हीटसिंक तेवढा मोठा का दिलाय, ते यात आलं.

त्याच गाडीत आणखी एक भानगड असते. या मॉड्यूलवर ५ व्होल्टचा रेग्युलेटर बसवलेला आहे आणि लोक त्यातून आर्डुइनो चालवतात. रेग्युलेटरला ५ व्होल्ट बाहेर द्यायला आत सात तरी लागतात. सहा दिले तर बाहेर साडेचारच्याही खाली येतं आणि आर्डुइनो मनाला येईल तसा वागतो. उलट बाजूने, पुरवठा १२ च्या वर गेला तर रेग्युलेटरजवळचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून ठेवायचा आणि ५ व्होल्ट बाहेरून द्यायचे. जंपर तसाच राहिला तर रेग्युलेटर भाजतो.

मग घ्यायचा कधी? बॅटरी १२ व्होल्टची असेल, मोटर दीड अँपिअरच्या आतली असेल आणि दोन व्होल्ट गेल्याचं दुःख नसेल तर खुशाल घ्या. चुकीच्या जोडण्या सहन करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, म्हणून पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी अजूनही तोच देतो. सहा-सात व्होल्टच्या गाडीला मात्र नको.

मग बीओ मोटर आणि छोट्या एन२० गिअर मोटरसाठी कोणता?

टीबी६६१२. तोशिबाची चिप आहे, मॉड्यूल टपाल तिकिटाएवढं. आत मॉसफेट, म्हणजे कमी रोधाचे नव्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत. चालू असताना वरचा-खालचा मिळून रोध सुमारे अर्धा ओहम, म्हणजे एक अँपिअरला अर्धाच व्होल्ट जातो. हीटसिंक लागत नाही. दोन मोटर चालतात, प्रत्येकी सतत १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२. वर मोजलेल्या बीओ मोटरचा स्टॉल १.४ होता, म्हणजे गाडी सुरू होताना काही अडचण नाही, पण भिंतीला नाक टेकवून चाकं फिरवत ठेवलीत तर चिप गरम होऊन स्वतःला बंद करून घेईल.

दोन गोष्टी सांभाळा. मोटरचा पुरवठा १५ व्होल्टच्या पुढे गेला की चिप मेली, म्हणून मी ती दोन सेलच्या बॅटरीवरच वापरतो. आणि अधिक-उणे उलटं जोडलं तर तिला दुसरी संधी नसते. एल२९८च्या सवयीने आलेले लोक पहिली टीबी६६१२ अशीच घालवतात. मीही घालवली आहे. आवाज काही झाला नाही, फक्त वास आला.

डीआरव्ही८८३३ हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा याच वजनगटातला पर्याय. २.७ ते १०.८ व्होल्ट, प्रत्येक मोटरला दीड अँपिअर. एका लिथियम सेलवर चालणाऱ्या इटुकल्या रोबोसाठी हाच घ्यावा. यात वेगासाठी वेगळी पिन नसते, दिशेच्या दोन्ही पिनांवरच पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा, भराभर चालू-बंद होणारा इशारा) द्यावा लागतो, तेव्हा आर्डुइनोवर तशा चार पिना शिल्लक आहेत का ते आधी बघा.

एल२९३डी चालेल का? कॉलेजच्या लॅबमध्ये तोच आहे.

एका बाजूला ६०० मिलिअँपिअर, वर व्होल्टेजची गळती एल२९८सारखीच. डायोड आतच आहेत आणि ब्रेडबोर्डवर सरळ बसतो एवढं त्याचं कौतुक. प्रयोगवहीसाठी ठीक, गाडीसाठी पैसे घालू नका.

चार चाकांना चार बीओ मोटर आहेत. एका बाजूच्या दोन मोटर एकाच चॅनलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या एका मोटरसाठीच्या जागेवर, जोडल्या तर?

जोडता येतात, सगळेच जोडतात. पण स्टॉल करंटची बेरीज होते: १.४ आणि १.४, म्हणजे २.८. टीबी६६१२च्या एका चॅनलला हे सतत झेपत नाही, एल२९८लाही दोनच अँपिअरची मर्यादा आहे. चार चाकांची गाडी जागच्या जागी वळते तेव्हा चाकं आडवी घासतात, विशेषतः सतरंजीवर, आणि करंट चढतो तो नेमका तिथेच. फरशीवर छान चाललेली गाडी प्रदर्शनाच्या दिवशी गालिच्यावर बसते ती यामुळे.

सोपा उपाय म्हणजे दोन टीबी६६१२ लावा, प्रत्येक मोटरला स्वतंत्र चॅनल. किंवा प्रत्येक बाजूला एक डीआरव्ही८८७१ लावा, ३.६ अँपिअरच्या शिखरापर्यंत जातो आणि त्यापुढे करंट स्वतःच अडवतो. फक्त त्याला मोटरसाठी किमान साडेसहा व्होल्ट लागतात.

१२ व्होल्टची जॉन्सन मोटर आहे. ४३ अँपिअरचा बीटीएस७९६० घेतला की कायमची चिंता मिटली ना?

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ४३ अँपिअर हा खरा आकडा आहे, पण तो चिप करंट कुठे अडवते त्याचा आहे. ती दिवसभर तेवढा वाहून नेईल असं कुणी म्हटलेलं नाही. मॉड्यूलवरच्या तांब्याच्या पट्ट्या, स्क्रूचं टर्मिनल आणि मागचा छोटा हीटसिंक यांना ४३ सोसणारच नाहीत. पंख्याशिवाय मी दहा-बाराच्या पुढे जात नाही.

तरीसुद्धा जॉन्सन मोटरला, म्हणजे धातूच्या गिअरच्या ताकदवान मोटरला, हाच घ्या. मोटरचा रोध १.६ ओहम निघाला तर १२ व्होल्टला स्टॉल ७.५ अँपिअर होतो. एल२९८ तिथे संपतो, याला ते सहज झेपतं. दोन्ही अर्ध्या पुलांचा (एच अक्षराच्या दोन बाजूंचा) रोध मिळून ३०-३५ मिलिओहमच असल्यामुळे व्होल्टेज जवळपास पूर्ण पोचतं. एका मॉड्यूलवर एकच मोटर चालते हे विसरू नका, दोन चाकांना दोन मॉड्यूल. २४ व्होल्टच्या बॅटरीवर जपून: चिपची चालण्याची हद्द साधारण २७ आहे आणि पूर्ण चार्ज झालेल्या बॅटऱ्या त्याच्या फार जवळ जातात.

या करंटला वायरही तशीच हवी. रंगीत जंपर वायरी इशाऱ्यासाठी असतात, त्यातून सात अँपिअर नेले तर प्लॅस्टिक मऊ होतं. मोटर आणि बॅटरीकडे जाड वायर, सोल्डर केलेली, आणि बॅटरीच्या अधिक टोकाला लगेच गाडीत असतो तसा पट्टीचा फ्यूज. लिथियम बॅटरीला फ्यूज न लावणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला फक्त टेबलापासून लांब बसवतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी चालेल का?

नाही. ती मल्टिमीटरसाठी आहे. तिचा आतला रोधच एवढा असतो की मोटरने अँपिअरभर मागितला की व्होल्टेज कोसळतं. दुकानदार प्रोजेक्टच्या किटमध्ये ती टाकतो, कारण तिची क्लिप आर्डुइनोला बसते. त्याऐवजी १८६५०चे दोन चांगले लिथियम सेल मालिकेत घ्या: ७.४ व्होल्ट, भरलेले ८.४. सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, संरक्षण असलेलं सर्किट मिळालं तर तेच घ्या.

मोटर सुरू झाली की आर्डुइनो रीसेट होतो. ड्रायव्हर खराब आहे का?

दहातल्या नऊ वेळा नसतो. मोटर सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि आर्डुइनोचे प्राण कंठाशी येतात. ड्रायव्हरच्या पुरवठ्याच्या पिनांजवळ, अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. त्याची पट्टीची बाजू उणे, उलटा लावला तर फुटतो. मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच मरतो. एवढ्याने भागलं नाही तर आर्डुइनोला वेगळा पुरवठा द्या, पण ग्राउंड, म्हणजे उणे बाजू, एकच ठेवा.

सगळं जोडलं, कोड बरोबर आहे, मोटर ढिम्म. काय बघू?

आधी ग्राउंड. आर्डुइनोचं आणि ड्रायव्हरचं ग्राउंड वायरने जोडलंय का? माझ्यासमोर येणाऱ्या ‘खराब’ ड्रायव्हरांपैकी निम्मे या एका वायरने जिवंत होतात. मग टीबी६६१२ असेल तर स्टँडबाय पिन बघा. ती ५ व्होल्टला जोडलेली नसेल तर चिप झोपून राहते. डीआरव्ही८८३३ची स्लीप पिन तशीच. एल२९८वर दोन्ही इनेबल पिनांवरचे जंपर कुणी काढून ठेवलेत का ते बघा. मागच्या पावसाळ्यात एका मुलीने तीन आठवडे कोड तपासला आणि जंपर तिच्या कंपासपेटीत सापडला.

तरीही फिरत नसेल तर आर्डुइनो बाजूला ठेवा. ड्रायव्हरच्या एका दिशेच्या पिनेला हाताने ५ व्होल्ट द्या, दुसरीला ग्राउंड. मोटर फिरली तर दोष कोडमध्ये आहे.

कमी वेगाला मोटर फिरत नाही, नुसती शिट्टी वाजवते.

ऊनोचा पीडब्ल्यूएम बहुतेक पिनांवर सेकंदाला ४९० वेळा चालू-बंद होतो, ५ आणि ६ नंबरवर साधारण ९८०. हे कानाच्या कक्षेत येतं, कॉइल त्या सुरात थरथरते. ९ आणि १० नंबरच्या पिना टायमर बदलून २० किलोहर्ट्झवर नेल्या की शिट्टी जाते. टीबी६६१२ला हे सहज चालतं, त्याची मर्यादा १०० किलोहर्ट्झ आहे. एल२९८ तेवढ्या वेगाने स्विच करताना जास्तच तापतो, त्याला ४९०वरच राहू द्या आणि शिट्टी ऐका.

मोटर फिरायलाच तयार नसेल तर ते घर्षण आहे. प्रत्येक मोटरचा एक किमान आकडा असतो, २५५ पैकी साठ, सत्तर, कधी नव्वद. तो शोधा आणि कोडमध्ये वेग त्यापासून पुढे मोजा. डाव्या-उजव्या मोटरचा आकडा सारखा निघेल अशी आशा ठेवू नका.

आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड वापरला तर त्याच्या ३.३ व्होल्टवर हे ड्रायव्हर चालतात का?

एल२९८ २.३ व्होल्टच्या वर इशारा ओळखतो, चालतो. टीबी६६१२ला इशाऱ्याच्या बाजूचा पुरवठाच ३.३ द्या. बीटीएस७९६०च्या मॉड्यूलवर मध्ये एक बफर चिप असते. तिला ५ व्होल्ट दिले तर ३.३चा इशारा काठावर पडतो: टेबलावर चालतं, मैदानात दगा देतं. तिलाही ३.३ द्या.

एक खोड मात्र ईएसपी३२ची. चालू होताना त्याच्या काही पिना क्षणभर आपोआप वर जातात आणि रोबो टेबलावरून उडी मारतो. ड्रायव्हरच्या इनेबल पिनेपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, आणि ०, २, १२, १५ या पिना मोटरसाठी वापरू नका.

एल२९८चे दोन्ही चॅनल जोडून एक मोठी मोटर चालवता येते?

येते, पण एकला दोन असं जोडायचं नाही. माहितीपत्रक सांगतं एक आणि चार एकत्र, दोन आणि तीन एकत्र, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही बाजूंना. इनेबलही एकत्र. मिळतात सतत तीन अँपिअर आणि क्षणभर साडेतीन, चार नाही. घरात दुसरं काही नसेल तेव्हाच करा.

स्टेपर, सर्व्हो आणि ड्रोनच्या मोटरला यातलं काही चालेल का?

छोट्या सर्व्होच्या पोटातच ड्रायव्हर असतो, त्याला फक्त चांगला ५ व्होल्टचा पुरवठा हवा, आणि तो आर्डुइनोतून नको. स्टेपरला ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ घ्या आणि मोटर जोडण्याआधी त्यावरच्या इवल्या स्क्रूने करंटची मर्यादा लावा. चालू असताना स्टेपरची वायर उपसू नका, ड्रायव्हर जातो. ड्रोनच्या तीन वायरच्या मोटरला ईएससी (तिचा खास वेग-नियंत्रक) च लागतो, इथला एकही ड्रायव्हर तिच्या कामाचा नाही.

ड्रायव्हर जळाला हे नक्की कसं ओळखायचं?

बॅटरी काढा. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावा. मोटरच्या प्रत्येक टोकापासून ग्राउंडकडे आणि पुरवठ्याकडे, प्रोब अदलाबदल करून, मोजा. चांगल्या ड्रायव्हरमध्ये एका दिशेने ०.४ ते ०.७च्या आसपास दिसतं, उलट दिशेने एवढ्या कमी आकड्यावर रस्ता मिळत नाही. कुठेही शून्याजवळ आलं आणि मीटर वाजला तर तो स्विच आरपार जोडला गेलाय. ते मॉड्यूल पुन्हा बॅटरीला लावू नका, नाहीतर पुढचा नंबर बॅटरीचा.

मोटर मात्र फेकू नका. तिचा रोध पुन्हा मोजा. पहिल्यापेक्षा फार कमी आला असेल तर कॉइल आत चिकटली आहे आणि नवा ड्रायव्हरही तिच्यावर जळेल. म्हणून प्रत्येक मोटरवर तिचा रोध मार्करने लिहून ठेवायची सवय मी लावून घेतली आहे. माझ्या डब्यातल्या पिवळ्या मोटरांवर ४.२, ४.४, ३.९ असे आकडे आहेत, आणि एकीवर फुली.